सदनिकेतील परसबाग
स्वयंपाकघरातील वस्तूंचा कुंडीसाठी उपयोग

मुळा नदीच्या काठचे वाकड हे मूळचे मुळशी तालुक्यातील गाव. म्हातोबा हे त्याचे ग्रामदैवत. वाकड आणि हिंजवडी या दोन गावांना जोडणारी म्हातोबाची यात्रा आणि तिच्यातील बगाड पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. १९९७ साली वाकडचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत झाला. शेजारी हिंजवडीस माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, आणि बघता बघता शेताच्या बांधांवरून डांबरी रस्ते गेले व शिवारात उंच इमारती उठल्या. आज या इमारतींमध्ये राहणाऱ्या कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे राज्याच्या आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून चरितार्थासाठी येथे आलेली आहेत. त्यांतील अनेकांच्या गावाकडच्या घरामागे परस होता. येथे त्यांच्या वाट्याला चार-सहा फूट रुंदीची गॅलरी आली आहे.

परस म्हणजे घरामागची नुसती मोकळी जागा नव्हे. मोरीचे पाणी पाटाने केळीच्या बुंध्याशी आणि अळूच्या वाफ्यात जाई. चुलीतली राख, भाजीची देठे, गोठ्यातले शेण उकिरड्यात पडे आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात जाई. घरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक वस्तूंचा घरच्याच मातीत उपयोग होत असे. सदनिकेत हा क्रम तुटतो. भाजीची साले पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवली जातात, आणि कुंडीतल्या रोपासाठी मात्र माती, खत व औषध हे सर्व बाजारातून विकत आणले जाते. हा तुटलेला क्रम गॅलरीपुरता पुन्हा जोडता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारास हौसेखेरीज अन्य कारणेही आहेत. पिंपरी-चिंचवड शहराचा कचरा मोशी येथे जातो. २०२३ साली तेथे कचऱ्यापासून वीजनिर्मिती करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. परंतु असा प्रकल्प चालतो तो सुक्या, जळणाऱ्या कचऱ्यावर. भाजीपाल्याचा ओला कचरा त्यात मिसळला, तर बरीचशी उष्णता त्यातील पाणी वाळविण्यातच खर्च होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे प्रत्येक घरास बंधनकारक केले, आणि दररोज १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या गृहसंस्थांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, अशी अपेक्षा ठेवली. चार माणसांच्या घरात साधारणतः अर्धा ते एक किलो ओला कचरा रोज निघतो. तेव्हा वाकडमधील दीड-दोनशे सदनिकांची कोणतीही गृहसंस्था ही मर्यादा सहज ओलांडते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शहरास पवना धरणातून पाणी मिळते. वस्ती वाढत गेली, त्या प्रमाणात पाणी वाढले नाही, आणि नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. उन्हाळ्यात वाकडच्या अनेक गृहसंस्थांच्या फाटकाशी पाण्याचे टँकर उभे असतात. अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर बाग पोसणे कोणासही शोभणार नाही. येथील बाग ही उरलेल्या पाण्यावर आणि उरलेल्या अन्नावरच जगली पाहिजे.

कुंडीत काय भरावे

इमारतींच्या आवारात सहज मिळणारी माती पुष्कळदा पायाच्या खोदकामातून निघालेला मुरूम असतो आणि त्यात सिमेंट व चुन्याचा राडारोडा मिसळलेला असतो. ती कुंडीत भरू नये. शेतातील काळी मातीदेखील निव्वळ वापरल्यास कुंडीत दगडासारखी घट्ट बसते, पाणी वरचेवर तुंबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रात मोलाचे काम झालेले आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून आणि ‘विपुलाच सृष्टी’ या ग्रंथातून पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांच्या बळावर अत्यल्प जागेत पीक कसे घेता येते, हे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर उसाची चिपाडे भरलेल्या पिशव्यांतून भाज्या आणि फळझाडे वाढविली. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ सालापासून तेथीलच भाजीच्या कचऱ्यावर बाग फुलविण्यात आली. या सर्वांच्या पद्धतीचे मर्म असे की, कुंडीत माती कमी आणि कुजणारा वनस्पतिजन्य माल अधिक.

वाकडच्या रहिवाशास हा माल मिळविणे अवघड नाही. रस्त्याकडेच्या झाडांचा पाचोळा फुकट मिळतो. उन्हाळ्यात चौकाचौकांतील रसवंतिगृहांपाशी उसाच्या चिपाडांचे ढीग पडलेले असतात. मागितल्यास रसवाला पोतेभर चिपाडे आनंदाने देतो, कारण ती उचलून नेणे हे त्याच्याच डोक्यावरचे ओझे असते. मात्र चिपाडांत साखरेचा अंश राहिलेला असतो व त्यास मुंग्या लागतात. म्हणून ती आठवडाभर उन्हात वाळवून, बोटभर लांबीचे तुकडे करून वापरावीत. देवापुढच्या नारळाच्या शेंड्या टाकून देऊ नयेत. तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा आणि त्यावर शेंडीचा थर दिल्यास पाणी झिरपते आणि माती वाहून जात नाही.

यानंतर तीन भाग पाचोळा व चिपाडे, एक भाग माती आणि एक भाग तयार खत असे मिश्रण भरावे. ते महिन्याभरात निम्म्याने खाली बसते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वरून पुन्हा भर घालावी. कुंडी विकतचीच हवी असेही नाही. पंधरा लिटर तेलाचा डबा, तांदळाचे विणलेले पोते, फुटकी बादली, रंगाचा रिकामा डबा यांपैकी काहीही चालते. पालेभाजीस सहा इंच खोली पुरते, मिरची-वांग्यास एक फूट तरी हवी. पत्र्याचा डबा मात्र पश्चिमेच्या उन्हात तापून मुळे भाजतो. त्यास बाहेरून गोणपाट गुंडाळावे.

खताची बादली

खत घरीच तयार करण्यासाठी वीस लिटरची झाकणाची बादली पुरेशी आहे. तिच्या तळाला आणि बाजूंना तापविलेल्या खिळ्याने दहा-पंधरा छिद्रे पाडावीत आणि ती ताटलीत विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवावी. तळाशी चार बोटे सुका पाचोळा पसरावा. रोजचा भाजीचा कचरा बारीक चिरून टाकावा आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुपटीहून थोडा अधिक सुका पाचोळा किंवा वर्तमानपत्राचे कपटे त्यावर घालावेत. विरजण म्हणून आरंभी मूठभर जुने खत अथवा झाडाखालची माती आणि वाटीभर आंबट ताक पुरते. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करावे. मिश्रण मुठीत दाबले असता ओल जाणवावी, परंतु पाणी गळू नये. दोन ते तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास असलेले खत तयार होते.

दुर्गंधी येऊ लागली, म्हणजे ओला भाग अधिक आणि हवा कमी झाली, असे समजावे. अशा वेळी अत्तर, फिनेल किंवा चुना यांपैकी कशाचाही उपयोग नाही. पाचोळा वाढवून मिश्रण हलविणे हाच उपाय होय. सुका पाचोळा हा या पद्धतीचा प्राण आहे, आणि नेमका त्याच्याच अभावी बहुतेक बादल्या दुसऱ्या आठवड्यात जिन्याखाली जातात. तेव्हा माघ-फाल्गुनात पानगळ सुरू असतानाच दोन पोती भरून ठेवावीत. पाचोळा जाळणे हा तर गुन्हाच समजावा. पावसाळ्यात बादलीत करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात आणि घरात एकच ओरड होते. या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या रोग पसरवीत नाहीत. उलट कचरा झपाट्याने संपवितात. पाचोळा वाढविला की त्या आपोआप कमी होतात. शिजलेले तेलकट अन्न, मासळी आणि हाडे मात्र लहान बादलीत घालू नयेत.

पूजेचे निर्माल्य याच बादलीत जावे. गणेशोत्सवात पवना आणि मुळेच्या घाटांवर निर्माल्यासाठी कलश ठेवले जातात, ते याच हेतूने. हारातील दोरा, जरी आणि थर्माकोलचे मणी तेवढे काढून टाकावेत.

ऐकीव उपायांची पारख

चहाचा चोथा, अंड्याची टरफले, केळीची साल, तांदळाचे धुवण, ताक, हळद, राख या वस्तूंची नावे बागेच्या संदर्भात सतत ऐकू येतात. त्यांतील काही गुणकारी आहेत, काही निरुपद्रवी आणि काही येथील परिस्थितीत अनिष्ट आहेत. सरसकट सर्व एकाच कुंडीत ओतण्यापूर्वी आपल्या पाण्याचा विचार करावा लागतो. नळाने येणारे पवनेचे पाणी मृदू आहे. कूपनलिकेचे व टँकरचे पाणी काळ्या पाषाणातून आलेले, बहुधा जड असते. त्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. मातीच्या कुंडीवर पांढरी पुटे चढतात ती याच क्षारांची होत. अशा पाण्यावर वाढणाऱ्या कुंडीत अंड्याची टरफले घालणे म्हणजे चुन्यात चुन्याची भर घालणे होय. टरफले फुकट जाऊ नयेत असे वाटत असेल, तर कुटून खताच्या बादलीत टाकावीत. पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. राखेचेही तेच. तिच्यात पालाश आहे, पण ती मातीचा अल्कधर्म वाढविते. चुलीच्या काळात शेतभर पसरली जाणारी राख चालत असे. एका कुंडीत मूठ मूठ ओतलेली राख चालत नाही.

जास्वंद, गुलाब किंवा मोगरा यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ही तक्रार वारंवार ऐकू येते. याचे कारण पुष्कळदा हेच क्षार असते. मातीत लोह असूनही झाडास ते घेता येत नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून सायंकाळी पानांवर फवारल्यास नवी पाने हिरवी येतात. पावसाचे धरून ठेवलेले पाणी हा त्याहून स्वस्त उपाय. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही जवळजवळ क्षारविरहित असते. ते इतर पाण्यात मिसळून खुशाल वापरावे. याउलट, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अधिक खारट असते. ते फरशी पुसण्यास योग्य, कुंडीस नव्हे.

चहाचा चोथा उपयुक्त आहे, परंतु आपल्याकडील चहा दूधसाखर घालून उकळलेला असतो. तो तसाच घातल्यास मुंग्या आणि बुरशी येते. स्वच्छ धुऊन, वाळवून, चिमटीने घालावा. केळीची साल कापून खताच्या बादलीत टाकणे सर्वांत चांगले. ती पाण्यात कुजवून तयार केलेल्या ‘टॉनिक’चा वास शेजाऱ्यांना सहन करावा लागतो आणि झाडास मात्र त्यातून फारसे मिळत नाही. डाळ-तांदळाचे आणि भाज्यांचे धुवण ही मात्र खरी संपत्ती आहे. त्यातील पोषणाचा भाग किरकोळ असला, तरी ते पाणी आहे, आणि ते घरात रोज चार-पाच लिटर निघते. मीठ घातलेले पाणी यात येऊ देऊ नये.

ताकाचा उपयोग भुरी रोगावर होतो. भोपळा, काकडी, गुलाब यांच्या पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी पसरते, ती भुरी. ब्राझीलमधील एका संशोधनात भोपळावर्गीय पिकावर दूध व पाणी यांच्या मिश्रणाची फवारणी केली असता ही बुरशी आटोक्यात आल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आहे. एक भाग दूध अथवा ताजे, बिनमिठाचे, गाळलेले ताक आणि नऊ भाग पाणी असे प्रमाण ठेवून सकाळच्या उन्हात आठवड्यातून एकदा फवारावे.

पिठ्या ढेकूण आणि मावा यांवर साबणाचे पाणी चालते. अंगाचा साधा साबण किसून, लिटरभर पाण्यात लहान चमचाभर विरघळवून, कापसाने किंवा फवाऱ्याने किडीच्या अंगावर लावावा आणि तासाभराने पाने धुऊन टाकावीत. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. निंबोळ्या मिळाल्यास ५० ग्रॅम गर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावा आणि गाळून फवारावा. तंबाखूचा काढा काहीजण सुचवितात. तो विषारी आहे, आणि तंबाखूतील विषाणू टोमॅटो-मिरचीस लागू शकतो. लहान मुले असलेल्या घरात तर तो करूच नये.

संक्रांतीची सुगडी

मकर संक्रांतीच्या पूजेनंतर घरोघरी सुगडी कोपऱ्यात पडून राहतात. बिनझिलईच्या या लहान मातीच्या भांड्याचा कुंडीस फार चांगला उपयोग होतो. मोठ्या कुंडीच्या मधोमध सुगड गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि त्यावर दिवाळीची पणती झाकण म्हणून ठेवावी. माती कोरडी असेल तेव्हा भांड्याच्या छिद्रमय भिंतीतून पाणी आपोआप झिरपते. माती ओली असली की झिरपणे मंदावते. रोपास हवे तितके पाणी मिळते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहिल्याने बाष्पीभवन कमी होते. ही युक्ती नवी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी कृषिग्रंथात पुरलेल्या मडक्याने पाणी देण्याची पद्धत वर्णिलेली आहे, आणि आपल्याकडेही फळझाडांना मटका सिंचन केले जाते. तैलरंग दिलेली सुगडी मात्र पाझरत नाहीत. चार दिवस गावी जाणाऱ्या कुटुंबास ही सोय विशेष उपयोगी पडेल.

ऊन पाहून पेरणी

गॅलरीत काय लावावे, हे आवडीपेक्षा दिशेवर ठरते. वाकड साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येथे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान तो माध्यान्ही उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत जे काही थेट ऊन येते ते मुख्यत्वे उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात, आणि दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळाभर ऊन खोलवर येते. दक्षिणेची गॅलरी असणाऱ्याने दिवाळीनंतर मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा आणि लसूण यांचा हंगाम साधावा. पूर्वेची गॅलरी पालेभाज्यांस बारमाही चांगली. पश्चिमेकडे मिरची, वांगे, गवती चहा, कडीपत्ता यांसारखी चिवट झाडे लावावीत. उत्तरेस पुदिना, अळू आणि विड्याचे पान.

बियाणे पुष्कळसे डब्यातच असते. धणे लाटण्याने हलके दाबून दोन दलांत फोडावेत, रात्रभर भिजवावेत आणि जागेवरच पेरावेत. दहा-बारा दिवसांत उगवतात आणि महिना-सव्वा महिन्यात कोथिंबीर काढणीस येते. चैत्र-वैशाखात हा प्रयोग करू नये. उष्णतेने रोप वाढण्यापूर्वीच फुलावर येते. मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत तयार होते, म्हणून मुलांच्या हातून प्रथम मेथीच पेरून घ्यावी. उन्हात वाळविलेल्या लाल मिरचीचे बी उगवते. बाजारातील टोमॅटोचे बीही उगवते, परंतु तो बहुधा संकरित असल्याने फळ मूळच्यासारखेच येईल, असा भरवसा नसतो. पुदिन्याच्या जुडीतील जाड काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळे फुटतात. कोंब आलेले आले आणि हळद अक्षय तृतीयेच्या सुमारास पोत्यात लावावी. पाने पिवळी पडून वाळू लागली, की पुढच्या हिवाळ्यात पोते उपडे करावे.

चार पोती, सहा डबे यांतून घराची भाजी भागत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कोथिंबीर, पुदिना, कडीपत्ता, मिरची यांची रोजची गरज बव्हंशी भागते आणि आठवड्यातून एखादी पालेभाजी मिळते. बाजारातील जुडीतली अर्धी कोथिंबीर सडून वाया जाते. कुंडीतली हवी तेवढीच खुडता येते.

गच्चीवर बाग करू इच्छिणाऱ्या गृहसंस्थांनी वजनाचा हिशेब आधी करावा. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भार टाकतो. वापरात असलेल्या सर्वसाधारण गच्चीचा आराखडा भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापरभार धरून केलेला असतो. पाचोळा-चिपाडांचे मिश्रण हलके असल्यामुळेच गच्चीस योग्य. तरीही स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आणि जलरोधक थराची तपासणी यांवाचून वाफे बांधू नयेत. कुंड्या तुळयांच्या आणि खांबांच्या रेषेवर ठेवाव्यात. गॅलरीच्या कठड्यावर एकही कुंडी ठेवू नये, मग ती कितीही लहान असो. खाली मुले खेळत असतात.

आणखी एक दक्षता डासांची. डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिकाचे रुग्ण आढळले, तेही याच डासामुळे. कुंडीखालच्या ताटल्या, मनीप्लांटच्या बाटल्या आणि झाकण नसलेली सुगडी ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या रिकाम्या कराव्यात व आतून काथ्याने घासाव्यात, कारण अंडी भिंतीस चिकटून कोरडीही राहू शकतात. ताटलीत बारीक वाळू भरल्यास गळलेले पाणी वाळूत मुरते आणि डासाला अंडी घालण्यास उघडे पाणी सापडत नाही.